चाळीसगाव–धुळे मेमू, लाल बस आणि वीस इंची फोल्डिंग सायकल

चाळीसगावहून धुळ्याला रोज अप-डाऊन करणाऱ्यांना गाडीची फारशी काळजी नसते. काळजी असते ती घरापासून स्थानकापर्यंतच्या आणि स्थानकापासून कामाच्या ठिकाणापर्यंतच्या दोन लहान तुकड्यांची. माझे घर चाळीसगावात भडगाव रस्त्याच्या बाजूला, स्थानकापासून अडीच किलोमीटरवर आहे आणि मी ज्या महाविद्यालयात शिकवते ते धुळ्यात पांझरा नदीच्या पलीकडे, देवपुरात, स्थानकापासून साधारण चार किलोमीटरवर आहे. मधल्या ५६ किलोमीटरांचा मला कधी त्रास झाला नाही. जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर ही स्थानके आता पाठ झाली आहेत. त्रास व्हायचा तो या साडेसहा किलोमीटरांचा. रिक्षा भरेपर्यंत थांबायचे, मग चौथ्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायचे आणि गाडी सुटेल की काय या धास्तीने घड्याळ पाहत राहायचे, असा आठ वर्षांचा क्रम सोळा महिन्यांपूर्वी मी घेतलेल्या फोल्डिंग सायकलीमुळे मोडला. या सोळा महिन्यांत ही सायकल मेमूतून (म्हणजे कमी अंतराच्या, विजेवर चालणाऱ्या गाडीतून), एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून आणि एसटीच्या बसमधून मी नेली आहे. ती कोठे उपयोगी पडते, कोठे अडते आणि विकत घेण्याआधी काय पाहावे, हे अशीच अप-डाऊन करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहे.

सायकल वीस इंची चाकांची, अॅल्युमिनियमच्या फ्रेमची आणि मागे सहा गिअर असलेली आहे. तिची किंमत मला १८,५०० रुपये पडली. कंपनीचे नाव देत नाही, कारण या किमतीत मिळणाऱ्या बहुतेक सायकली एकाच बांधणीच्या असतात आणि माझे मत त्या बांधणीविषयी आहे. फ्रेमच्या मधोमध एक बिजागरी, हँडलच्या दांड्याच्या तळाशी दुसरी, सीटचा दांडा खाली सरकवण्यासाठी एक चिमटा आणि दुमडणारी पायडले अशी ही रचना आहे. अमेरिकेत १९८२ साली सुरू झालेल्या डाहॉन कंपनीने ती जगभर रुळवली. दुसरी प्रसिद्ध रचना लंडनच्या ब्रॉम्प्टनची. तिची चाके सोळा इंची असतात आणि मागचे चाक फ्रेमच्या खाली वळवून घेतले जाते. त्यामुळे साखळी दोन चाकांच्या मध्ये दडते आणि घडी फारच लहान होते. परंतु तिची किंमत आपल्याकडे लाखाच्या पुढे जाते, शिवाय तिच्या चाकाच्या मापाची ट्यूब खानदेशातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी मागितली तर दुकानदार आपल्याकडे नुसता पाहत राहील. वीस इंची ट्यूब मात्र लहान मुलांच्या सायकलींमुळे पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत कोठेही मिळते. या एका कारणासाठी मी वीस इंची चाकाचा आग्रह धरला आणि तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

घडी घालण्याविषयी जरा सविस्तर सांगते, कारण रेल्वे आणि बसमधला सगळा निभाव त्यावरच लागतो. जाहिरातीत ही सायकल दहा सेकंदांत घडी होताना दाखवतात. मला पहिल्या आठवड्यात दीड मिनिट लागत असे, आता पंचवीस सेकंद लागतात, आणि फलाटावर पंचवीस सेकंद पुरेसे असतात. मात्र क्रम चुकवून चालत नाही. आधी उजवे पायडल मागच्या बाजूला आणून दोन्ही पायडले दुमडायची, मग फ्रेमची कडी उघडून पुढचा भाग मागच्या भागावर आणायचा, मग हँडल खाली पाडायचे आणि सर्वांत शेवटी सीटचा दांडा खाली सोडायचा, म्हणजे तो जमिनीला टेकून सायकलीला तिसरा पाय मिळतो. सीट आधी खाली केली तर घडी घालताना सायकल आडवी होते. दोन चाके एकमेकांना चिकटून राहावीत म्हणून कंपनीने एक लोहचुंबक दिला आहे, परंतु तो दुबळा आहे. गाडीत चढताना सायकल उचलली की घडी अर्धी उघडते आणि पुढचे चाक बरोबर गुडघ्यावर येऊन बसते. यावर उपाय म्हणून बॅगेला लावतात तसला रुंद पट्टा मी दोन्ही चाकांभोवती आवळते. हा पट्टा कारखान्यातूनच का दिला जात नाही, हे मला समजलेले नाही. दुसरी अडचण साखळीची आहे. या बांधणीत साखळी घडीच्या बाहेरच्या बाजूला राहते आणि गर्दीत कोणाच्या धोतराला किंवा साडीला तिचे वंगण लागले तर दिलगिरी व्यक्त करूनही तो डाग जात नाही. म्हणून पिशवी हवीच. बाजारात मिळणारी पातळ कापडाची पिशवी दोन महिन्यांत फाटली. तेव्हा रिक्षाचे हूड शिवणाऱ्या एका कारागिराकडून मी जाड रेक्झिनची पिशवी शिवून घेतली. तळाला दुहेरी थर आणि खांद्यावर घेण्यासाठी रुंद पट्टा लावून ती ६५० रुपयांत झाली आणि आजतागायत टिकून आहे.

पिशवीचे महत्त्व केवळ वंगणापुरते नाही, त्यामागे रेल्वेचे नियमही आहेत. रेल्वेत द्वितीय वर्गाच्या प्रवाशाला ३५ किलो, स्लीपर व वातानुकूलित थ्री टायरच्या प्रवाशाला ४० किलो, टू टायरला ५० किलो आणि वातानुकूलित प्रथम वर्गाला ७० किलो सामान विनाशुल्क नेता येते. रद्दीवाल्याच्या काट्यावर माझी सायकल पिशवीशिवाय १३ किलो ४०० ग्रॅम भरली, म्हणजे वजनाचा प्रश्नच येत नाही. प्रश्न दोन ठिकाणी येतो. एक म्हणजे सायकल आणि स्कूटर या वस्तूंना विनाशुल्क सामानाची सवलत लागू नाही, त्या ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून, नेण्यासाठी पार्सल कार्यालयात नोंदवायच्या असतात. दुसरा प्रश्न मापाचा. डब्यात सोबत नेण्याच्या ट्रंका, सुटकेस आणि खोकी यांची कमाल मापे लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी ६० आणि उंची २५ अशी ठरवलेली आहेत. थ्री टायर आणि चेअर कारमध्ये तर ती ५५, ४५ आणि साडेबावीस सेंटिमीटर आहेत. माझ्या सायकलीची घडी शिंप्याच्या टेपने मोजली तेव्हा ती ७९ लांब, ६६ रुंद आणि ३६ जाड भरली. म्हणजे लांबीत २१ सेंटिमीटर शिल्लक राहतात, परंतु रुंदीत सहा आणि जाडीत अकरा सेंटिमीटर जास्त होतात. गंमत अशी की जगात सर्वांत आटोपशीर मानल्या जाणाऱ्या ब्रॉम्प्टनची घडीही सुमारे ६४.५ बाय ५८.५ बाय २७ सेंटिमीटर होते. तिने व्यापलेली जागा सुमारे १०२ लिटर आहे आणि नियमात बसणाऱ्या मोठ्या ट्रंकेने व्यापलेली जागा १५० लिटर आहे. तरीही काटेकोर मोजणी केली तर ट्रंक आत येते आणि ती सायकल दोन सेंटिमीटरांमुळे बाहेर राहते.

नियम ज्या काळी झाले त्या काळी बंद होणारी सायकल कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, हे उघड आहे आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. पण आज या सायकली प्रत्यक्षात आहेत आणि त्यांच्यासाठी एका ओळीची दुरुस्ती करणे अवघड नाही. जपानमध्ये रेल्वेने सायकल न्यायची तर ती सुटी करून किंवा घडी घालून पूर्ण पिशवीत बंद करावी लागते, तिन्ही मापांची बेरीज २५० सेंटिमीटरच्या आत आणि वजन ३० किलोच्या आत असावे लागते. एवढे पाळले की वेगळे शुल्क नाही. माझ्या सायकलीची बेरीज १८१ सेंटिमीटर होते. लंडनच्या भुयारी रेल्वेत गर्दीच्या वेळी साध्या सायकलीला मनाई असते, परंतु घडी घातलेली सायकल कोणत्याही वेळी नेता येते. नेदरलँड्समध्ये साध्या सायकलीला वेगळे तिकीट काढावे लागते, घडीची सायकल मात्र हातातले सामान समजली जाते. आपल्या देशातही कोचीच्या मेट्रोने २०२० साली डब्यातून सायकल नेण्यास परवानगी देऊन सुरुवात केली आहे. मला या सर्वांत जपानची पद्धत आपल्यासाठी योग्य वाटते, कारण तिच्यात फक्त पिशवी आणि माप पाहायचे असते. सायकल कोणत्या जातीची आहे यावर फलाटावर वाद घालत बसावे लागत नाही.

तोपर्यंत माझा व्यवहार असा आहे. सायकल नेहमी पूर्ण घडीत आणि पिशवीत बंद असते, कोणी विचारले तर मी ती काय आहे हे स्पष्ट सांगते, आणि पुढे कधी सामानाचे शुल्क मागितले गेले तर ते भरून पावती घेण्याची माझी तयारी आहे. सोळा महिन्यांत मेमूमध्ये तपासनीसांनी दोनदा चौकशी केली. दोन्ही वेळा पिशवीची चेन उघडून दाखवल्यावर त्यांनी ती दाराच्या वाटेत ठेवू नका एवढेच सांगितले, आणि ते योग्यच होते. ही सवलत आहे, हक्क नाही, हे लक्षात ठेवूनच नव्या माणसाने सुरुवात करावी. पार्सलने नोंदवण्याचा मार्ग लांबच्या प्रवासाला ठीक आहे, परंतु राजमाने किंवा मोरदड तांड्यासारख्या थांब्यावर उतरणाऱ्याला पार्सल कार्यालयाचा उपयोग नाही.

मेमू ही या सायकलीसाठी सर्वांत सोयीची गाडी आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. तिची दारे रुंद असतात, दारापाशी उभे राहण्याची जागा मोकळी असते आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येते. त्यामुळे एखाद्या दाराशी गर्दी असली तरी आतून जागा शोधता येते. मी डब्याच्या टोकाला, शेवटच्या बाकाच्या पाठीमागच्या कोपऱ्यात पिशवी उभी करते, पट्टा बाकाच्या दांडीला अडकवते आणि शक्यतो शेजारीच बसते. चाळीसगावात आणि धुळ्यात फलाट उंच असल्याने चढ-उतार सोपी आहे. मधल्या लहान थांब्यांवर फलाट सखल आहेत आणि तेथे पायऱ्यांवरून चौदा किलोचे ओझे एका हातात घेऊन उतरणे मला तरी जमत नाही. तेथे आधी आपण उतरावे आणि दारातल्या माणसाला पिशवी खाली द्यायला सांगावे. आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. या गाडीत दुधाच्या किटल्या असतात, भाजीची गाठोडी असतात, आठवडे बाजाराच्या दिवशी कोंबड्यांच्या टोपल्याही असतात, आणि हे सगळे सामान लोक एकमेकांना सरकवून सामावून घेतात. त्या सामानात एक पिशवी वाढली म्हणून कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही, मात्र ती पिशवी त्या सामानाइतक्याच शिस्तीने कडेला राहिली पाहिजे.

सुरुवातीच्या दिवसांत उत्सुकतेने विचारणारे फार भेटत. शिरूडला चढलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने पिशवीतून डोकावणारे हँडल पाहून विचारले होते, ‘हाई काय शे, ताई?’ सायकल आहे म्हटल्यावर त्यांनी धुळे येईपर्यंत धीर धरला, फलाटावर माझ्यासोबत थांबून सायकल उघडताना पाहिली, फ्रेमच्या बिजागरीवर बोट टेकवून ती हलते का ते तपासले आणि मगच ‘कितलाले लिधी?’ असा पुढचा प्रश्न केला. किंमत ऐकून ते गप्प झाले आणि जाता जाता त्यांनी बिजागरीत तेल सोडत जा, धूळ बसू देऊ नका, असे बजावले. या सायकलीविषयी मला मिळालेल्या सल्ल्यांमध्ये सर्वांत उपयोगी ठरला तो हा सल्ला.

कारण पुढे नेमकी हँडलच्या दांड्याची बिजागरी त्रास देऊ लागली. देवपुरातल्या वाडीभोकर रस्त्यावर एका गतिरोधकावरून उतरताना हँडलचा दांडा पुढे-मागे हलल्यासारखा वाटला. उतरून पाहिले तर कडी बंद होती, परंतु ती सैल झाली होती आणि तिची सुरक्षा-खिट्टी अर्धीच बसली होती. ज्या दुकानातून सायकल घेतली होती त्यांनी सुटा भाग मागवावा लागेल असे सांगून तीन आठवडे नुसते ताटकळत ठेवले. शेवटी धुळ्यात पाचव्या गल्लीजवळ बसणाऱ्या एका जुन्या सायकल मिस्त्रींना ती दाखवली. त्यांनी अशी सायकल आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतली होती, तरी कडीच्या आत दडलेला नट त्यांना दोन मिनिटांत सापडला. दहा नंबरच्या पान्याने तो पाव फेरा आवळला, बिजागरीतली वाळू रॉकेलने धुऊन काढली आणि कडी बंद करायला अंगठ्याचा चांगला जोर लागेल इतकी ती घट्ट केली. भाग बदलावा लागलाच नाही. तेव्हापासून मी दर रविवारी दोन्ही कड्या तपासते आणि दहा नंबरचा पाना पिशवीतच ठेवते. घडीच्या सायकलीत हँडलची कडी सुटणे म्हणजे थेट तोंडावर पडणे आहे. त्यामुळे दुकानात सायकल पाहताना रंग आणि गिअर नंतर पाहावेत, आधी दोन्ही कड्या उघडून बंद करून त्यांना खिट्टी आहे का, ती पूर्ण बसते का आणि हँडल जोराने पुढे-मागे ढकलल्यावर कोठे खडखड येते का, हे पाहावे.

एसटीचा अनुभव रेल्वेपेक्षा वेगळा आहे. माझे माहेर अमळनेरला. धुळ्याहून सुटीच्या दिवशी मी बसने तेथे जाते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागली, तेव्हापासून दोन्ही टोकांच्या रिक्षाचे पैसे बसच्या तिकिटापेक्षा जास्त होऊ लागले होते आणि तेथेच मला सायकल सोबत नेण्याची कल्पना प्रथम सुचली. परंतु बसच्या दोन बाकांच्या रांगांमधली वाट अरुंद असते आणि दाराच्या पायऱ्या उंच व निमुळत्या असतात. ३६ सेंटिमीटर जाडीची पिशवी त्या वाटेत ठेवली तर वाहकाला तिकिटे देत फिरता येत नाही, म्हणून ती वाटेत ठेवण्याचा विचारही करू नये. जुन्या गाड्यांच्या टपावर चढवण्याचाही मोह टाळावा. खाली उतरवताना ती आपटली तर मागचा गिअर बदलणारा भाग वाकतो आणि वाकलेला तो भाग आपल्याकडे सहज मिळत नाही. राहिली डिकी. ज्या गाड्यांना बाजूला किंवा मागे डिकी असते त्यांत सायकल आरामात मावते, मात्र गिअरची बाजू वर ठेवून ती आडवी करावी आणि तिच्यावर कोणी गोणी टाकणार नाही याची खात्री करून घ्यावी. डिकीतली धूळ पिशवीच्या चेनमधूनही आत शिरते, हे मला दोन फेऱ्यांत समजले. तेव्हापासून साखळीवर एक जुनी ओढणी गुंडाळते.

बसमध्ये नेण्याविषयी माझा नियम सोपा आहे. गाडी फलाटावर लागली की पिशवी खाली ठेवून आधी वाहकदादांना विचारायचे, सामानाचे तिकीट घ्यायची तयारी आधीच सांगायची आणि गाडी भरलेली असेल तर पुढच्या गाडीची वाट पाहायची. काही वेळा सामानाचे तिकीट फाडले गेले, काही वेळा नको म्हटले गेले. तिकीट मिळाले तर मला बरेच वाटते, कारण मग त्या पिशवीला गाडीत स्वतःची जागा मिळते आणि कोणाच्या मेहेरबानीचा प्रश्न उरत नाही. सोमवारी सकाळी आणि लग्नसराईत बसने सायकल नेऊ नये; नुसत्या उभ्या माणसांनाही जागा नसते तेथे आपले ओझे लादणे बरे दिसत नाही. एकंदरीत रेल्वेसाठी ही सायकल मी निःशंकपणे सुचवेन, बससाठी मात्र डिकीची खात्री असेल आणि वेळेची घाई नसेल तरच.

आता रस्त्याविषयी. लहान चाक असल्याने पाय जास्त मारावे लागतात, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. चाकाचा घेर दोऱ्याने मोजला तर १५५ सेंटिमीटर भरतो. पुढचे चक्र ५२ दात्यांचे आणि मागचे सर्वांत लहान १४ दात्यांचे असल्याने वरच्या गिअरमध्ये पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पावणेसहा मीटर जाते, म्हणजे घरातल्या मोठ्या सायकलीच्या तोडीस तोड. २८ दात्यांच्या खालच्या गिअरवर तेच अंतर तीन मीटरच्या आत येते आणि पांझरेच्या मोठ्या पुलाची चढण बॅग घेऊनही दम न लागता चढता येते. लहान चाकाचा खरा तोटा खड्ड्यात कळतो. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून तरंगत जाते त्यात हे चाक उतरते, आणि त्याचा धक्का सरळ मनगटात येतो. पावसाळ्यात कामे चालू असलेल्या रस्त्यावर काळा चिखल मडगार्डमध्ये भरून चाक जागच्या जागी थांबते. असे दोनदा झाल्यावर मी जुलै-ऑगस्टमध्ये धो धो पावसाच्या दिवशी रिक्षाच करते.

खानदेशात यापेक्षाही मोठा शत्रू आहे तो काट्यांचा. बांधावरच्या बाभळी छाटल्या की फांद्या बैलगाडीतून नेताना काटे रस्त्यावर सांडतात, कडेच्या मोकळ्या जागेत सराटे पसरलेले असतात, आणि सायकलीसोबत आलेले पातळ टायर त्यांच्यापुढे टिकत नाहीत. पहिल्या चार महिन्यांत मला सात पंक्चर झाली, त्यांतली तीन एकाच आठवड्यात. वर सांगितलेल्या मिस्त्रींनीच त्यावर उपाय केला. मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी कापून त्यांनी ती टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये गोल बसवली, पट्टीची टोके एकमेकांवर चढून गाठ येऊ नये म्हणून ती तिरकी कापली, आणि टायरही जाड नक्षीचे घालून दिले. त्यानंतरच्या वर्षभरात फक्त दोन पंक्चर झाली. सायकल थोडी जड झाली, परंतु गाडीची वेळ गाठायची असताना हे वजन मला मान्य आहे. नवीन सायकल घेताना ट्यूबची हवा भरण्याची नळी मोटारसायकलसारखी जाड आहे ना, हेही पाहून घ्यावे. तशी असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, बारीक नळीच्या ट्यूबला वेगळा पंप लागतो. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो तेव्हा मी हवा थोडी कमी ठेवते आणि सायकल उन्हात उभी करत नाही. तशी ती वर्गाबाहेर घडी घालून ठेवता येते, हेच तिचे मोठेपण आहे. सोळा महिन्यांत तिला कुलूप लावून रस्त्यावर सोडण्याची वेळ मला एकदाही आली नाही.

सुटीच्या दिवशीही ती कामाला येते. एका डिसेंबरच्या सकाळी मी चाळीसगावहून पाटणादेवीला गेले होते. साधारण अठरा किलोमीटरचा तो रस्ता गौताळा अभयारण्याच्या डोंगरांकडे हळूहळू चढत जातो, आणि भास्कराचार्यांच्या आठवणीशी जोडलेल्या त्या परिसरात सकाळच्या गारव्यात सायकलवरून पोहोचण्याचे सुख वेगळे आहे. परंतु सीटवर सलग दीड तास बसल्यावर पाठ बोलू लागली. ही सायकल पाच-सात किलोमीटरच्या तुकड्यांसाठीच आहे. लांब पल्ल्यासाठी मोठी सायकल वेगळी ठेवावी. जळगाव स्थानकावर सुरत मार्गाची गाडी पकडण्यासाठी पादचारी पूल ओलांडताना चौदा किलो खांद्यावर घेऊन जिना चढणे हीसुद्धा माझ्या वयाच्या बाईला सोपी गोष्ट नाही. मध्ये एकदा थांबून मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेते.

खर्चाचा हिशोब मी पहिल्यापासून वहीत लिहीत आले आहे. रिक्षाच्या चार फेऱ्या, प्रत्येकी वीस रुपये, म्हणजे दिवसाला ऐंशी. महिन्यातून सरासरी अठरा दिवस सायकल वापरली, म्हणजे १,४४० रुपये वाचले. सायकलीचे १८,५०० आणि पिशवी, टायर, मडगार्ड व किरकोळ दुरुस्ती यांचे २,९०० मिळून २१,४०० रुपये खर्च झाले. ते पंधराव्या महिन्यात वसूल झाले आणि सोळाव्या महिन्यापासून बचत सुरू झाली. वेळेची बचत या हिशोबात धरलेली नाही. देवपुरातून स्थानक गाठायला रिक्षाने कधी वीस मिनिटे लागत, कधी चाळीस. सायकलीने रोज अठरा ते वीस मिनिटे लागतात. संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून शेवटचा तास घाईघाईने संपवावा लागत असे, तो आता पूर्ण शिकवून होतो.

ज्यांचे घर स्थानकापासून एक किलोमीटरच्या आत आहे त्यांनी ही सायकल घेऊ नये, तेवढे अंतर पायी बरे. ज्यांना पाठीचे किंवा खांद्याचे दुखणे आहे त्यांनी दुकानात घडी घातलेली सायकल उचलून निदान वीस पायऱ्या चढून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत. ज्यांचा रोजचा प्रवास फक्त भरगच्च बसने होतो त्यांनीही थांबावे. मेमूने किंवा पॅसेंजरने जाणाऱ्यांनी, दोन्ही टोकांना दोन ते सहा किलोमीटरचे अंतर असेल तर, वीस इंची चाकाची, खिट्टी असलेल्या पक्क्या कड्यांची आणि पंधरा किलोच्या आतली सायकल घ्यावी, आणि दुकानातून बाहेर पडल्याबरोबर पहिल्यांदा पिशवी शिवायला टाकावी.